हौद्याला हवं पांघरूण!

पिकअपचा रुबाब तिच्या उघड्या हौद्यात असतो आणि डोकेदुखीही तिथेच असते. त्यावरचा उपाय म्हणजे गुंडाळता येणारं सॉफ्ट कव्हर. रविवारच्या दोन-तीन तासांत, स्वतःच्या हातांनी बसवता येईल असं!

शुक्रवारची संध्याकाळ. मेलबॉक्स बंद, बॉस घरी गेलेला आणि मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये ‘उद्या कुठे?’ची चर्चा पेटलेली. शेवटी ठरतं, ताम्हिणीमार्गे दिवेआगर. पाच जणांच्या सॅक, एक तंबू, कोळशाची शेगडी, चटया, चिकन मॅरिनेट केलेला डबा आणि कुणीतरी हौसेने घेतलेली गिटार... हे सगळं मावणार कुठे? सोप्पं आहे. ग्रुपमध्ये ज्याच्याकडे पिकअप आहे, त्याच्या मागच्या हौद्यात!

पुण्याहून निघताना आकाश स्वच्छ. मुळशी मागे पडतं आणि काचेवर पहिला थेंब येतो. घाटात शिरेपर्यंत हौद्याचा स्विमिंग पूल झालेला असतो. तंबूची लगदा झालेली पिशवी, ओला कोळसा आणि गिटारचं काय झालं ते विचारूच नका. तीस लाखांची गाडी घेऊन शेवटी सगळं सामान मागच्या सीटवर मांडीत घेऊन बसायचं, तर मग हॅचबॅक काय वाईट होती?

म्हणूनच पिकअपवाल्यांच्या गप्पांत टायर आणि लाइटबारच्या बरोबरीने आणखी एक विषय हमखास निघतो. सॉफ्ट रोल-अप कव्हर. पुढून मागे चटईसारखं उलगडायचं, मागे लॅच लावायचं, की हौदा बंद. मोठं सामान आलं की परत गुंडाळून केबिनच्या पाठीशी बांधून टाकायचं. झालं!

ऐकायला सोपं वाटतं ना? आहेही सोपं. पण ‘बसवलं’ आणि ‘नीट बसवलं’ यात जो फरक आहे, तो पहिल्याच पावसात कळतो. तो पाऊस यायच्या आधीच समजून घेऊ या.

शेतातून थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये

आपल्याकडे ‘पिकअप’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पहाटे मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उतरवणारी गाडी. ते बरोबरच आहे, कारण पिकअपचा जन्मच कष्टासाठी झाला. अमेरिकेत शेतकरी आणि दुकानदार आपल्या मोटारीचा मागचा भाग कापून तिथे लाकडी पेटी ठोकायचे. ते बघून फोर्डने १९२५ च्या एप्रिलमध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातूनच हौदा बसवून दिला. किंमत २८१ डॉलर.

खरी गंमत ऑस्ट्रेलियात झाली. तिथे फोर्ड कंपनीला एका शेतकऱ्याच्या बायकोचं पत्र आलं, असं सांगतात. रविवारी भिजल्याशिवाय चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील, अशी एकच गाडी आम्हाला द्या! जिलाँगच्या कारखान्यातल्या लू बँट या तरुण डिझायनरने मोटारीची बंद केबिन आणि मागचा हौदा एकसंध जोडून दाखवला आणि १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियाची लाडकी ‘यूट’ रस्त्यावर आली. ‘वीकएण्डला मजा, वीकडेला काम’ हा लाइफस्टाइल पिकअपचा फंडा आजचा नाही मंडळी, नव्वदीपार केलेला आहे.

आपल्याकडे टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाईल आणली. २००७ मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे आली, त्यामागून टाटाची झेनॉन. पण पिकअपला खऱ्या अर्थाने कॉर्पोरेट पार्किंगमध्ये आणलं ते २०१६ मध्ये आलेल्या इसुझूच्या व्ही-क्रॉसने. मग २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. सुरुवातीची किंमत ३३.९९ लाख, तीही एक्स-शोरूम! चार दरवाजे, पाच सीट, एसी, टचस्क्रीन आणि मागे साधारण पाच फुटांचा उघडा हौदा.

गोची इथेच आहे. टोमॅटोचे क्रेट भिजले तर फारसं बिघडत नाही. आपलं सामान भिजलं तर बिघडतं. गाडी बदलली नाही, सामान बदललं!

ताडपत्री आणि टोनो

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना, मग ताडपत्री टाका की! टाका ना. पण ट्रकवाल्यांची ताडपत्री हे वाटतं तेवढं साधं काम नाही. माल मध्यभागी उंच रचायचा, ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरती सोडायची, दोर हुकांत ओवून आवळायचे. पाण्याला थांबायला जागाच ठेवायची नाही. ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून हे झटपट करतात, कारण रोजचा सराव असतो. भर पावसात घाटात गाडी बाजूला घेऊन तुम्ही-आम्ही ते करायला गेलो, तर वरचा प्लास्टिकचा कागद घेऊन वारा कोकणात आपल्या आधी पोचेल.

पण त्या ताडपत्रीतलं तत्त्व लक्षात ठेवा. ताण आणि उतार. पुढे सगळा खेळ या दोनच गोष्टींचा आहे.

या कव्हरचं इंग्रजीतलं नाव ‘टोनो कव्हर’. मूळ शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ चक्क पिंप! जुन्या उघड्या मोटारींचा मागचा बैठकीचा भाग पिंपासारखा गोल असायचा, म्हणून त्याला ते नाव पडलं आणि त्यावर टाकायच्या कापडालाही तेच चिकटलं.

रोल-अप कव्हरचे भाग मोजके. हौद्याच्या दोन्ही कडांवर बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, म्हणजे रेल. त्या पकडून ठेवणारे क्लॅम्प, एका बाजूला साधारण तीन-चार. केबिनच्या बाजूला एक आडवी पट्टी, फाळक्याच्या बाजूला दुसरी. मधे विनाइलचा लेप दिलेलं जाड पॉलिएस्टर कापड. कापड झोळ खाऊ नये म्हणून त्याच्या खाली आडव्या कमानी. कडेने व्हेल्क्रो. आणि कापड ताणून धरणारा टेन्शनचा स्क्रू. एरवी आपण टेन्शन घालवायला बाहेर पडतो, इथे मात्र टेन्शन लागतंच!

कुठलं घ्यायचं?

दुकानात गेलात की चार-पाच प्रकार समोर येतील. गोंधळून जाऊ नका.

सर्वात साधं ते बटणांचं किंवा दोरी-हुकांचं कापड. स्वस्त आणि मस्त, पण प्रत्येक वेळी काढा-घाला करताना बोटं दुखतात. त्याच्या वरची पायरी म्हणजे आपलं रोल-अप. हलकं, गुंडाळलं की जवळजवळ पूर्ण हौदा मोकळा. मग तीन घड्यांचं फोल्डिंग, सॉफ्ट किंवा हार्ड. ते उघडलं तरी घड्या केबिनपाशी जागा अडवतात. त्यानंतर ॲल्युमिनियमचं शटर. दुकानाच्या शटरसारखं सरकतं, कुलूप लागतं, दिसतं झक्कास. पण महाग, आणि शटर जिथे गुंडाळलं जातं तो डबा हौद्यातली जागा खातो. शेवटी फायबरचं अख्खं झाकण. मजबूत, पण फ्रिज किंवा कपाट न्यायचं असेल त्या दिवशी ते उचलून ठेवायला चार माणसं शोधा.

रोल-अप कुणासाठी? ज्याला एका शनिवारी कोरडी सॅक न्यायची आहे आणि पुढच्या शनिवारी उभं कपाट. म्हणजे बहुतेक आपल्यासाठीच.

पैसे देण्याआधी चार प्रश्न

पहिला प्रश्न, हौद्याची लांबी. ‘पिकअपसाठी चालतं’ यावर विसंबू नका. आपल्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि डबल कॅब की सिंगल कॅब हे सांगूनच कव्हर मागा. दोन सेंटिमीटरचा फरकही इथे मोठा असतो. इंटरनेटवरून परदेशी कव्हर मागवणार असाल तर जास्तच जपा, कारण अमेरिकेतल्या पिकअपचे हौदे आपल्यापेक्षा लांब-रुंद असतात.

दुसरा, स्पोर्ट्स बार. केबिनच्या मागे तो जो काळा किंवा क्रोमचा दांडा असतो ना, ज्याच्यामुळे फोटो सॉलिड येतात, त्याचे पाय नेमके हौद्याच्या कडेवर येतात. रेलही तिथेच बसते. म्हणून ‘बारसकट बसतं का?’ हे आधीच विचारा.

तिसरा, लायनर. हौद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून आत प्लास्टिकचं अस्तर असतं. ते कडेच्या खाली संपत असेल तर प्रश्न नाही. कडेवरून वळून बाहेर येत असेल, तर क्लॅम्प पत्र्याला न पकडता प्लास्टिकला पकडतो, आणि प्लास्टिक घसरतं. अशा वेळी क्लॅम्पच्या जागी लायनरला खाच कापावी लागते. हे काम सरावलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

चौथा, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. म्हणून भोकं न पाडता क्लॅम्पवर बसणारं, काढता येणारं आणि गाडीच्या मापाबाहेर न जाणारं कव्हर निवडा. गाडीच्या अधिकृत डीलरकडे असेल तर उत्तमच. वेल्डिंग करून पिंजरा किंवा टप बांधायचा विचार असेल तर आधी आरटीओत चौकशी करा. इन्शुरन्सवाल्यांनाही कळवून ठेवा. बिल जपून ठेवायला विसरू नका.

रविवारचे दोन-तीन तास

आता मुख्य कार्यक्रम. आपली पिढी दिवसभर माऊस फिरवते आणि घरात बल्ब बदलायलाही इलेक्ट्रिशियनला फोन करते. पण हे काम खरंच जमण्यासारखं आहे. हवं काय? मेजरिंग टेप, रॅचेट आणि सॉकेटचा सेट, ॲलन की, मास्किंग टेप, स्वच्छ फडकी, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक मित्र. मित्र महत्त्वाचा, कारण रेलचं दुसरं टोक कुणीतरी धरावंच लागतं. चहा-पोह्यांवर येतो.

वेळ सकाळी ऊन आल्यावरची निवडा. विनाइल थंडीत कडक होतं आणि उन्हात सैलावतं. खोक्यात आठवडेच्या आठवडे घडी पडून राहिलेलं कापड उघडून अर्धा तास उन्हात पसरून ठेवा. घड्या बऱ्याचशा जातात आणि कापड वळायला लागतं.

१. आधी सफाई. हौद्याच्या कडा साबणाच्या पाण्याने धुवा, कोरड्या करा. केबिनच्या बाजूला जिथे फोमची पट्टी चिकटवायची आहे, तिथे अल्कोहोलने पुसून घ्या. वॅक्स-पॉलिशचा थर राहिला तर फोम चिकटत नाही, आणि पहिली गळती तिथूनच सुरू होते.

२. सगळं खोकं जमिनीवर मांडा. डावी रेल कुठली, उजवी कुठली, पुढचं टोक कुठलं हे माहितीपत्रकाशी ताडून घ्या आणि मास्किंग टेपवर लिहून चिकटवा. नट-बोल्ट वाटीत ठेवा. सोसायटीच्या गटारात गेलेला बोल्ट परत मिळत नसतो.

३. रेल कडेवर ठेवा, पुढे केबिनच्या बाजूला नीट टेकवा आणि क्लॅम्प लावा. पण सैल! हा या कामातला सर्वात मोठा नियम. शेवटपर्यंत काहीही आवळायचं नाही. रेल हाताने मागेपुढे सरकली पाहिजे.

४. आता माप. दोन रेलमधलं अंतर तीन ठिकाणी मोजा. पुढे, मधे आणि फाळक्यापाशी. तिन्ही सारखी आली पाहिजेत. एवढ्यावर खूश होऊ नका. आता कर्ण मोजा. डाव्या रेलच्या पुढच्या टोकापासून उजव्या रेलच्या मागच्या टोकापर्यंत, आणि मग उलट. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. नाहीतर ती आयत नसून समांतरभुज चौकोन आहे! शाळेत हा काय कामाचा म्हणून आपण वैतागायचो, तोच. बांधकामावरचे गवंडीही दोरी धरून हेच करतात.

हे का महत्त्वाचं? कापड काटकोनात शिवलेलं असतं. चौकट तिरकी असेल तर कापडाच्या एका बाजूला सुरकुत्या येतात, दुसरी बाजू तंग होते, व्हेल्क्रोच्या पट्ट्या एकमेकींवर येत नाहीत आणि लॅच जोर लावल्याशिवाय बसत नाही. मग आपण कव्हरला नावं ठेवतो. चूक कव्हरची नसते, टेप न उघडण्याची असते.

५. मापं जमली की क्लॅम्प आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं नको. थोडं डावं, थोडं उजवं, पुढचं, मागचं, अशी फेरी घ्या. मग परत माप. पत्रकात दिलं आहे तेवढंच आवळा. रेल ॲल्युमिनियमची आहे, पान्यावर लोंबकळलात तर वाकेल.

६. गुंडाळलेलं कव्हर केबिनच्या बाजूला ठेवा, दोन्हीकडे सारखी जागा सुटली आहे ना ते बघा आणि पुढची पट्टी रेलमध्ये बसवून घट्ट करा. आता मागच्या दिशेने उलगडा. फाळका बंद ठेवायचा की उघडा, हे तुमच्या मॉडेलच्या पत्रकात बघा. लॅच लावा.

७. टेन्शन. दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवा, डावीकडे दोन आटे तर उजवीकडेही दोनच. मधोमध तळहाताने हलकं दाबा. कापड उसळी मारून वर आलं पाहिजे, झोळी होता कामा नये. मग कडेचा व्हेल्क्रो पुढून मागे, हाताने दाबत दाबत बसवा.

शेवटी फाळका चार-पाच वेळा उघडून-लावून बघा. आणि एका आठवड्याने सगळे क्लॅम्प परत तपासा. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे नट ढिले करण्यात पटाईत आहेत. नवं कापडही थोडं सैल झालेलं असतं, तेव्हा टेन्शनचा स्क्रू अर्धा आटा आणखी.

पावसाचा हिशेब

आता खरी परीक्षा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. आपला हौदा साधारण दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद धरू. म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. दहा मिलिमीटरची एक सर आली की कव्हरवर साडेबावीस लिटर पाणी पडलं. ऑफिसातल्या कूलरवरचा मोठा जार असतो ना, त्याहून जास्त! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी असं कव्हर उघड्यावर असतं तर त्यावर दोन टनांहून जास्त पाणी पडलं असतं.

हे पाणी वाहून गेलं तर काहीच बिघडत नाही. थांबलं तर बिघडतं. कापडाला झोळ असेल तर पाणी मधे साचतं, त्याच्या वजनाने झोळ वाढतो, म्हणून आणखी पाणी साचतं. शेवटी शिवण उसवते किंवा कमान वाकते. ट्रकवाल्यांचं ते तत्त्व आठवतंय? ताण आणि उतार. ताण स्क्रूने दिला. उतारासाठी पावसाळ्यात गाडी थोड्या चढावर, फाळका खालच्या बाजूला येईल अशी लावा. लांबच्या पावसात थांबलात तर अधूनमधून कव्हरला खालून हलका धक्का द्या, पाणी पडून जाईल.

बसवून झाल्यावर पाइपने टेस्ट करा. हौद्यात जुनी वर्तमानपत्रं पसरा, कव्हर लावा आणि दहा मिनिटं पाणी मारा. मग उघडा. कागद कुठे ओला झाला तिथे चोर आहे. बहुतेक वेळा तीन जागा सापडतात. केबिनकडचे दोन कोपरे, रेलच्या खालची फट आणि फाळक्याच्या कडा. पहिल्या दोन ठिकाणी फोमची पट्टी नीट दाबली की काम होतं. तिसरी गंमतशीर आहे. फाळका आणि हौद्यामधली फट कंपनीनेच ठेवलेली असते, कारण हौद्यातलं पाणी बाहेर जायला वाट हवी. कव्हर कितीही भारी आणा, पाणी तिथून आत येणारच. त्यासाठी फाळक्याचं वेगळं रबर सील मिळतं. बदनाम कव्हर, चोर फाळका!

तरीही एक गोष्ट मनाशी पक्की करा. सॉफ्ट कव्हर पाणी अडवतं, पण ते डबाबंद नसतं. ताम्हिणीच्या पावसात दोन तास गाडी चालवली तर आत थोडी ओल येणारच. म्हणून कॅमेरा, कपडे, झोपायच्या बॅगा वॉटरप्रूफ पिशवीत घाला आणि मग हौद्यात ठेवा. गिटार? ती केबिनमध्येच बरी.

याच्याकडून हे मागू नका

तिजोरी. सॉफ्ट कव्हर म्हणजे पडदा, भिंत नव्हे. आत काय आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि सिग्नलवर हात घालून पिशवी उचलणाऱ्याची पंचाईत होते. पण कापड ते कापडच, ब्लेडने कापता येतं. लॅपटॉपची बॅग मागे टाकून मॉलमध्ये निवांत फिरायला जाऊ नका. आणि फाळक्याला कुलूप नसेल तर कव्हरच्या लॅचला काही अर्थ नाही, कारण फाळका उघडला की लॅच हाताशी येतं.

बैठकीची खोली. हौद्यात माणसं बसवायची नाहीत, कव्हरखाली तर नाहीच नाही. कुत्र्यालाही बंद कव्हरखाली ठेवू नका. काळ्या विनाइलखाली उन्हात भट्टी होते. पेट्रोलचा कॅन किंवा गॅसचं सिलिंडरही बंद हौद्यात नको, वाफ आत कोंडते.

मायलेजचा चमत्कार. ‘कव्हर लावा, ॲव्हरेज वाढवा’ असं सांगणारे भेटतील. हवेचा अडथळा थोडा कमी होऊ शकतो, पण शहराच्या ट्रॅफिकमध्ये त्याचा हिशेब ठेवण्यात अर्थ नाही. फाळका उघडा ठेवला तर हवा आरपार जाते आणि डिझेल वाचतं, ही आणखी एक लाडकी समजूत. डिस्कव्हरी चॅनेलवरच्या ‘मिथबस्टर्स’ने दोन पिकअप पळवून बघितल्या. फाळका बंद असलेली गाडीच पुढे गेली! कारण बंद हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरून येणारी हवा त्याच्यावरून घसरत जाते.

लाड तर करायलाच हवेत

कव्हर बसवलं की विसरून जायचं, असं नाही. व्हेल्क्रोची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस इंजिनीअर कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरायला गेला आणि कपड्यांना चिकटलेली काटेरी बोंडं बघून त्याला ही कल्पना सुचली. आकडे आणि फासे, बस्स. पण त्या फाशांत कोकणातली तांबडी माती भरली की आकड्यांना धरायला जागाच उरत नाही. म्हणून ट्रिपवरून आल्यावर जुन्या टूथब्रशने व्हेल्क्रो साफ करा. दोन मिनिटांचं काम आहे.

विनाइल साध्या साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोल, थिनर, डांबर काढायचे द्रव अजिबात नको, कापड कडक होऊन तडकतं. आणि ओलं कव्हर गुंडाळून ठेवू नका. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी आणि तो ओळखीचा कुबट वास! आधी पुसा, वारा लागू द्या, मग गुंडाळा.

चालवतानाचा नियम एकच. एकतर पूर्ण बंद आणि लॅच लावलेलं, नाहीतर पूर्ण गुंडाळून पट्ट्यांनी बांधलेलं. अर्धवट उघडं कव्हर घेऊन एक्स्प्रेस वेवर गेलात तर वारा त्याचं शीड करतो. गुंडाळलेलं कव्हर न बांधता निघालात तर ते मागच्या गाडीच्या काचेवर जाऊ शकतं. निघण्याआधी दहा सेकंद, दोन्ही पट्ट्या ओढून बघा. सीटबेल्टइतकीच सवय लावून घ्या.

एकूण काय, तर कव्हर सॉफ्ट असलं तरी ते बसवताना माप कडक हवं. महिनाभर एक्सेल शीटमधले आकडे जुळवतो, एका रविवारी दोन कर्ण जुळवले तर काय बिघडलं? हाताला थोडं ग्रीस लागेल, सोसायटीतले काका येऊन दोन सूचना करतील, शेजारची पोरं गाडीभोवती गोळा होतील. त्या सगळ्यांना कामाला लावा. एकाला टेप धरायला सांगा, दुसऱ्याला पाण्याचा पाइप. आणि वॉचमनकाकांना विचारा, त्यांच्यापैकी कुणी पूर्वी ट्रकवर काम केलं असेल तर कापड ताणायचं कसं हे ते तुम्हाला माहितीपत्रकापेक्षा चांगलं सांगतील!